नांगराचा रहाट, दांड्यासह

ईशान्येचा वारा. आज सुरू झाला की चार महिने हलत नाही.

*

विकणे आहे. बोटीचा नांगर ओढायचा हातरहाट. ओतीव लोखंड, साखळीचं चक्र पितळी. वापरलेला, पण धडधाकट. दांड्यासह. बघायला यायचं तर वारा वाढायच्या आत यावे.

*

मामाचं वय त्र्याण्णव, दात पाच. मामा बसल्याशिवाय पंगतीत कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही आणि मामाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. त्यामुळे बेटावर लग्नाचं जेवण कधीच दुपारी संपलेलं नाही.

*

दर्यावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या माझूदेवीच्या देवळात कौल लावायच्या दोन लाकडी फाकी आहेत, चंद्रकोरीसारख्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसली.

*

त्याच देवळाच्या बाजूच्या दाराला अडसर म्हणून एक लोखंडी दांडा आहे. माणसाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत लांब. मधोमध गुळगुळीत, एका टोकाला चौकोनी. दाराच्या अडसराला चौकोनी टोक कशाला लागतं, हे बाहेरून आलेला एखादा विचारतो. बेटावरचं कुणी विचारत नाही.

*

"म्हाताऱ्या माकडा," गिनह्वे म्हणाली, "तू मला 'दांड्यासह' का लिहायला लावलंस?"

तिचा नवरा बुनहाय रताळ्याची पेज खात होता. त्याने वाडगा तोंडापासून काढला नाही.

"रहाट दांड्यासहच असतो," तो वाडग्यात म्हणाला.

"दांडा आपला आहे?"

"नाही."

"मग?"

"ते जाहिरातीत लिहायचं नसतं."

गिनह्वेने फोन त्याच्या नाकासमोर धरला. निरोप असा होता: काका, मी पेइचुन. काओशुंगहून रात्रीच्या जहाजाने मागोंग बंदराला पोचले. साडेनऊच्या बोटीने तुमच्या बेटावर येते. तीनच्या बोटीने परत जाईन, उद्यापासून छोट्या बोटी बंद म्हणतायत. दांड्यासह रहाट मिळणं किती कठीण झालंय! सगळे दांडा हरवला म्हणतात. थँक यू काका.

शेवटी एक हसरा ससा उड्या मारत होता.

"बघ," गिनह्वे म्हणाली, "रात्रभर जहाजात ओकत आली असेल बिचारी. तुझ्या शब्दावर."

बुनहायने वाडगा खाली ठेवला. सदुसष्टाव्या वर्षी माणसाच्या गाठीला फार काही नसतं. बोट नसते, गुडघा नसतो. शब्द तेवढा असतो. तो बंदरावर सगळ्यांना माहीत असतो आणि गेला तरी सगळ्यांना कळतो. सव्वाआठ वाजले होते. तीनच्या आत दांडा मिळवायचा होता. दांडा सरळ दोनशे पावलांवर, देवळाच्या बाजूच्या दाराला आडवा होता, आणि तो घ्यायला तीन शब्द लागत होते: आचिंग, दांडा दे.

तीन शब्द. पण गेल्या अकरा वर्षांत बुनहायने आपल्या धाकट्या भावाला एकही दिला नव्हता.

*

रहाट एका भावाकडे, दांडा दुसऱ्याकडे, ही वाटणी कशी झाली ते सांगायला हवं.

बाप वारला. सामाईक बोट भरपाई घेऊन सरकारला मोडीत दिली. घर, शेंगांचं वावर, बोटीचे आलेले पैसे आणि बोटीवरून काढून आणलेला एक नांगराचा रहाट, एवढं उरलं. वाटणी मामाने करायची असते. बापाकडच्या कुणी केली तर लोक म्हणतात, बघा, आपल्या बाजूला ओढलं. आईचा भाऊ दोघांचा सारखाच. मामा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता, दात अकरा. त्याने घर थोरल्याला, वावर धाकट्याला, पैसे निम्मे निम्मे केले. मग रहाटाकडे बघितलं, थोडा वेळ मान हलवली, आणि रहाट थोरल्याला दिला, दांडा धाकट्याला.

अख्ख्या बेटाने तोंडात बोट घातलं. काय डोकं म्हाताऱ्याचं! दांड्याशिवाय रहाट म्हणजे धोंडा आणि रहाटाशिवाय दांडा म्हणजे नुसती काठी. भावांनी एकत्र राहावं म्हणून केलं बरं का. लोक आपापल्या मुलांना ही गोष्ट सांगू लागले.

मग जेवण झालं. जेवताना बुनहायने वादळाची गोष्ट सांगितली.

*

जाहिरातीचा पहिला खर्डा, बुनहायने सांगितलेला आणि गिनह्वेने न लिहिलेला:

विकणे आहे. ज्या रहाटाने मालकाने भर तुफानात एकट्याने वीस वाव लांबीची साखळी आणि नांगर ओढून बोट खडकांवरून वाचवली तो ऐतिहासिक रहाट.

"कोणी वाचवली?" गिनह्वेने बोट फोनवरच ठेवून विचारलं होतं.

"मालकाने."

"कुठल्या मालकाने?"

"तेव्हा दोघे मालक होते."

"मग लिहू का दोघांनी?"

"एकट्याने लिही."

"नाव काय लिहू त्या एकट्याचं?"

बुनहाय उठून कोबीला पाणी घालायला गेला होता. कोबीला आधीच पाणी घातलेलं होतं.

*

वादळाची गोष्ट खरी होती. तिच्यातला माणूस तेवढा खोटा होता.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ एका ओसाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होते. वारा अचानक फिरला आणि आडोसा होता तिथे खडक झाले. नांगर काढून पळायला हवं होतं. रहाट हापशासारखा, दांडा पुढेमागे हापसत राहायचा, आणि दुसऱ्याने वर येणारी साखळी बाजूला सारत राहायची. पण त्या दिवशी हापसायला फक्त आचिंग होता. बुनहाय डेकवर आडवा होता. बापजन्मी समुद्र न लागलेला माणूस त्या दिवशी असा ओकत होता की आचिंगला क्षणभर वाटलं, याच्या पोटातून नांगर निघतो की काय. आचिंगने एकट्याने काढला. घरी आल्यावर थोरल्याने बापाला सांगितलं, "काढला बुवा नांगर." कर्ता सांगितलाच नाही. पहिल्या वर्षी गोष्टीत "काढला" होतं. दुसऱ्या वर्षी "आम्ही काढला." पाचव्या वर्षी "मी काढला, आचिंग होता मदतीला." वाटणीच्या जेवणापर्यंत गोष्टीतून आचिंग उतरून गेला होता.

त्या जेवणात आचिंगने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "दादा, यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही. तू बोललास तर बघू."

बुनहाय म्हणाला नाही की, बरं. तो काहीच म्हणाला नाही. तेव्हापासून तो काहीच म्हणत नव्हता.

*

साडेआठ वाजता देवळात कुणी नव्हतं. होता तो आचिंग. वाटणीनंतर त्याने मासेमारी सोडली आणि देवळाची झाडलोट धरली. बाजूच्या दाराचा लाकडी अडसर पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने मोडला तेव्हा त्याने आपल्या वाट्याचा दांडा तिथे लावून टाकला. दांडा देवीच्या चाकरीला लागला. बुनहाय दर महिन्याला देवीच्या पाया पडायला यायचा आणि दाराकडे न बघता परत जायचा.

आज बुनहायने तीन उदबत्त्या लावल्या आणि गुडघा धरत खाली बसला. मागे खांबापाशी झाडू चालला होता.

"देवी," तो मोठ्याने म्हणाला, "मी लू बुनहाय. पश्चिम गल्ली, विहिरीच्या बाजूचं घर. गेली अकरा वर्षं मी तुझ्याकडे काही मागितलं नाही."

झाडू थांबला.

"देवी," खांबामागून आवाज आला, "गेल्या महिन्यात गुडघा मागितला होता यांनी. त्याच्या आधी लॉटरी."

"देवी, देवळात उंदीर झालेत. चूं चूं ऐकू येतं."

"देवी, उंदीर पहाटे चारला उठून तुझा दिवा लावतात. माणसं साडेआठला येतात, पेज पिऊन."

"देवी, मुद्द्याचं बोलतो. माझ्याकडे गिऱ्हाईक येतंय. तुझ्या दाराचा तो दांडा मला हवाय. मी तुला नवा अडसर देतो. सागाचा. दोन देतो. बोल."

त्याने फाकी टाकल्या. टक, टक. दोन्ही उताण्या.

देवी हसली.

"नीट पडल्या नाहीत," बुनहायने स्वतःलाच सांगितलं आणि परत टाकल्या. उताण्या. तिसऱ्यांदा टाकताना एक फाक घरंगळत खांबापर्यंत गेली. खांबामागून एक झाडू आला, त्याने फाक हळूच थोपवली. ती उताणीच होती.

देवी कशाला हसते, हे बेटावर पोरालाही कळतं. उत्तर तुझ्याजवळच असतं तेव्हा हसते, नाहीतर प्रश्नच चुकीच्या दारात विचारतोस तेव्हा.

"देवी," झाडू पुन्हा चालू करत आचिंग म्हणाला, "तुला हसू येणारच. वस्तू कुणाची, मागतोय कुणाकडे."

बुनहाय उठला. त्याने तोंड उघडलंसुद्धा. आ निघाला. नावातला पहिलाच आ. पण तो जांभईसारखा झाला आणि मग त्याला खरीच जांभई आली. तो बाहेर पडला.

*

साडेनऊच्या बोटीने आलेल्यांची यादी: गॅसच्या सहा टाक्या. एक नर्स. पेइचुन.

पेइचुन चौतिशीची, केस कापलेले, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. पाठीवर तिच्याएवढी पिशवी. तिने दारात बूट काढले, गिनह्वेला वाकून नमस्कार केला, रहाटाला पाहिलं आणि त्यालाही वाकून नमस्कार केला असं गिनह्वेने नंतर चार घरी सांगितलं. प्रत्यक्षात ती चक्राचे दात बघायला वाकली होती.

"विजेचा होता माझ्या बोटीवर," ती म्हणाली. "तीनदा जळला. गेल्या उन्हाळ्यात नांगर खाली आणि बॅटरी मेलेली. सकाळपर्यंत तिथेच, बाहुलीसारखी बसून. म्हटलं, आता हाताचाच."

"बोटीवर आणखी कोण असतं?" गिनह्वेने विचारलं.

"मी."

"नवरा?"

"नको होता, काकू."

"शहाणी आहेस," गिनह्वे बुनहायकडे बघत म्हणाली. "शेवया खा. भोपळ्याच्या आहेत."

पेइचुनने पिशवीतून आपल्या बोटीच्या साखळीचे तीन दुवे काढले. तेवढे तीन तिने मुद्दाम कापून आणले होते. ते पितळी चक्राच्या खाचांत बसवून बघितले. खट्. खट्. खट्. तिन्ही बरोबर बसले. तिने असा सुस्कारा टाकला की बुनहायने शेवयांच्या वाडग्यात तोंड खुपसलं. इतकं नेमकं बसायला नको होतं.

"छानच," ती म्हणाली. "आणि दांडा?"

बुनहायला शेवयांचा ठसका लागला.

"दांडा देवळात आहे," गिनह्वे म्हणाली. "जा पोरी, तिथे एक माणूस झाडत असेल. सकाळपासून एकाच खांबाभोवती. त्याला म्हण, रहाट चालवून बघायचाय, दांडा घेऊन धक्क्यावर या. माझं नाव घेऊ नकोस. आणि ह्याचं तर घेऊच नकोस."

"का?"

"लांब गोष्ट आहे. तीनच्या बोटीला पुरणार नाही."

*

आचिंग अडसर काढून दांडा खांद्यावर टाकून धक्क्यावर आला. आपण या बाईसाठी आलोय हे दिसावं म्हणून तो तिच्याशी रस्ताभर मोठ्याने बोलत होता. हवा, जहाज, काओशुंगमधल्या पपयांचा भाव. बुनहायने हातगाडीवरून रहाट आणला. जुना नांगर आणि साखळी कोपऱ्यातल्या झोपडीत होती, तीही आली. रहाट एका जाड फळीवर आवळला, फळी बोटी बांधायच्या दगडी खुंटाला करकचून बांधली. हे सगळं करताना दोघे भाऊ एकमेकांच्या हातातून दोर घेत होते, गाठी पुढे सरकवत होते, पण डोळे वर करत नव्हते.

बातमी वाऱ्याच्या पुढे धावते. दीडच्या सुमारास धक्क्यावर चाळीस माणसं होती. मामाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं, दोन रजया गुंडाळून. मामाला काय चाललंय ते माहीत नव्हतं. पण आपल्याला बसवल्याशिवाय काही सुरू होत नाही, हे माहीत होतं. त्याने हात वर केला. म्हणजे, करा सुरू.

नांगर पाण्यात सोडला. साखळी खडखडत गेली, वीस वाव. आचिंगने दांड्याचं चौकोनी टोक खाचेत घातलं. बुनहाय साखळीपाशी बसला, चांगला गुडघा टेकून.

आणि मग काय सांगायचं. अकरा वर्षं जणू झालीच नाहीत. आचिंग हापसायला लागला, खळ्ळ खट्, खळ्ळ खट्, आणि दर खटला बुनहायचा हात बरोबर वर येणारा दुवा धरून डावीकडे सारायचा. ना एक दुवा अडकला, ना एक बोट. आचिंगने श्वास घ्यायला चक्र अडवायची खीळ टाकली की बुनहायने त्याच क्षणी हात झटकलेले असायचे. दोघांपैकी कुणी "हं" देखील म्हणालं नाही. नांगर पाण्याबाहेर आला तेव्हा त्याला शेवाळं आणि एक खेकडा होता. धक्क्यावर टाळ्या पडल्या. खेकड्याने आपला रस्ता धरला.

बुनहायच्या मनात आलं, झालं. एक शब्दही न देता झालं. दांडा आला, गिऱ्हाईक खूष, शब्द राहिला आणि आधी न बोलण्याचा मानही गेला नाही. अशी जमवाजमव आपल्याच्याने होते, दुसऱ्याच्याने नाही.

पेइचुन टाळ्या वाजवत नव्हती. ती खाली बसून साखळीचा ढीग बघत होती.

"काका," ती म्हणाली, "रहाट फार सुंदर आहे."

"आहेच."

"पण ह्याला दोन माणसं लागतात."

"छे!"

"मी बघितलं ना आत्ता. तुम्ही साखळी सारली नसती तर ती चक्राखाली साचली असती आणि दहा हापशांत सगळं अडकलं असतं. तुम्ही दोघं... इतकं सुरेख करता. पण मी एकटी असते." तिने तिन्ही दुवे पिशवीत टाकले. "माफ करा काका. तुमचा दिवस गेला."

तिने पिशवीची चेन ओढायला सुरुवात केली. हळू ओढत होती. तिलाही तो हवा होता.

"एकट्याने होतं!" बुनहाय ओरडला.

"होतं?"

"होतं म्हणजे? भर वादळात झालंय! बोट खडकांच्या तोंडी, वीस वाव साखळी, एकटा माणूस, याच रहाटावर!"

"तुम्ही केलंय?" तिचे डोळे चमकले. "मग सांगा ना काका. चक्राखाली साखळी साचते ती एकट्याने कशी सोडवायची? दोन्ही हात तर दांड्याला."

बुनहायने तोंड उघडलं. अठ्ठावीस वर्षं सांगितलेली गोष्ट तोंडात तयार होती. त्यात लाटा होत्या, विजा होत्या, फाटलेला सदरा होता. साखळी कशी सोडवली, हे तिच्यात कुठेच नव्हतं. ते त्याला माहीतच नव्हतं. तो तेव्हा बादली शोधत होता.

चाळीस माणसं जवळ सरकली. वारा तेवढा रजयांची टोकं उडवत होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हाताने," बुनहाय म्हणाला.

"कुठल्या हाताने?"

"तिसऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

पेइचुन हसली नाही. तिने पिशवीची चेन पूर्ण ओढली आणि उभी राहिली.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, तिला जाऊ द्यायचं. रहाट परत ओट्यावर येईल, गिनह्वे आयुष्यभर बोलेल, बेटावर लोक म्हणतील की बुनहायने जाहिरातीत लिहिलं आणि पोरीला फसवून समुद्र ओलांडायला लावला. गोष्ट मात्र शाबूत राहील, तीही आपल्यापुरती. दुसरी गोष्ट तीन हातांच्या अंतरावर उभी होती, दांडा धरून, धक्क्याच्या दगडांकडे बघत.

बुनहाय वळला.

"आचिंग," तो म्हणाला, "सांग ना तिला. तेव्हा साखळी कशी सोडवलीस तू?"

*

त्यानंतर धक्क्यावर जे झालं त्याची वर्णनं निरनिराळी आहेत. गिनह्वे म्हणते, ती बसली. नर्स म्हणते, तिने कुणाची तरी नाडी बघितली. सगळे एवढं मात्र मान्य करतात की आचिंगने आधी सवयीने सुरुवात केली, "देवी—", आणि आजूबाजूला बघितलं. देवी दोनशे पावलांवर होती.

"पायाने," तो म्हणाला.

"काय?"

"पायाने सोडवली. दर आठ हापशांना खीळ टाकायची. मग डावा पाय असा खाली घालून साखळी मागे ढकलायची. बूट काढून. बुटाने कळत नाही." आणि मग थोरल्याकडे बघून, अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ: "तू कुठे होतास ते पण सांगू?"

"मी सांगतो," बुनहाय म्हणाला. त्याने चाळीस माणसांकडे बघितलं. "मी आडवा होतो. ओकत होतो. आदल्या दिवशी कालवं खाल्ली होती शिळी."

"कालवं नव्हती. समुद्र लागला होता तुला."

"कालवं होती!"

"मीही खाल्ली होती तीच कालवं! मला काही झालं नाही!"

"तुझ्या पोटात दगड पचतो!"

"समुद्र लागला होता, दादा. कबूल कर."

"हे बघ, नांगर तू काढलास, ते दिलं. वीस वाव एकट्याने, तेही दिलं. कालवं मी देणार नाही."

"वीस नव्हती. चौदा वाव होती," आचिंग म्हणाला. "आणि वीजबीज काही चमकली नाही. भर दुपार होती."

"वीज पण काढून घेतोस?"

"नव्हतीच."

"बरं. वीज ने. कालवं ठेव."

लोक इतके हसत होते की मामानेही हसून घेतलं.

पेइचुनने मधल्या काळात बूट काढले होते. तिने नांगर परत पाण्यात सोडला, बाही सारली आणि दांडा धरला. आठ हापसे. खीळ. डावा पाय. आठ हापसे. खीळ. डावा पाय. दोन्ही बाजूंनी दोघे म्हातारे तिला शिकवत होते आणि एकमेकांना दुरुस्त करत होते.

"कंबरेतून ओढ, खांद्यातून नको."

"तिला कंबर आहे, तुझ्यासारखी नाही. ओढू दे कशीही."

"पाय आत नको घालूस इतका, पोरी, पायाचं बोट जाईल."

"त्याचं गेलंय एक. दाखव तिला."

"ते वेगळ्याने गेलं."

दोन पस्तीसला नांगर वर आला. एकटीने. तिचे गाल वाऱ्याने आणि श्रमाने लाल झाले होते. तिने घासाघीस केली नाही. बुनहायने सांगितलेला आकडा दोन्ही हातांनी बुनहायपुढे धरला, आणि बुनहायने तो पाकिटासकट आचिंगपुढे धरला. आचिंग म्हणाला, "मला नको. मला आज रात्रीच्या आत अडसर पाहिजे. बाजूचं दार उघडं आहे, देवीच्या अंगावर सरळ वारा जातोय."

"सागाचा देतो म्हणालो ना."

"दोन म्हणाला होतास."

"ते देवीला म्हणालो होतो. तू मधे का ऐकलंस?"

*

रहाट बोटीवर चढवायला सहा जण लागले. कारण प्रत्येकाला हात लावायचा होता. पेइचुनने दांडा मात्र कुणाला दिला नाही, तो स्वतः काखेत धरून चढली. बोट सुटली तेव्हा ती वाकून नमस्कार करत होती आणि लाटांमुळे तो नमस्कार जरा जास्तच खोल होत होता.

धक्क्यावरच्या एका बाईने मामाच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा! बोलले दोघं! एकमेकांशी बोलले!"

"कोण?"

"बुनहाय आणि आचिंग!"

"मग? बोलत नव्हते?"

"अकरा वर्षं नाही बोलले, मामा!"

मामा विचारात पडला. "माझ्याशी तर दोघं बोलायचे," तो म्हणाला. "प्रत्येक लग्नात. एक या बाजूला, एक त्या बाजूला. किती गोड पोरं, एकमेकांचं मला सांगायची."

"पण मामा, तुम्ही म्हणूनच तर रहाट एकाला आणि दांडा एकाला दिलात ना? की दोघांनी धरून राहावं?"

"कोण म्हणतं?"

"अख्खं बेट म्हणतं!"

"भाऊ दोन होते," मामा म्हणाला, "आणि त्याचे सुटे भाग दोन होते. मी म्हटलं, कटकट संपली." त्याने रजई ओढून घेतली. "जेवायचं कुठे आहे?"

चौघांनी खुर्ची उचलली. बुनहाय आणि आचिंग आधीच झोपडीकडे निघाले होते, अडसराला लाकूड शोधायला, आणि कालवांवरून त्यांचं अजून चालूच होतं. वारा इतका वाढला होता की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

*

वाटणी झाली त्या दुपारी, अकरा वर्षांपूर्वी, जेवणात तुटलेले दोघे भाऊ मामाच्या घरून एकाच स्कूटरवरून परतले होते. चालवत आचिंग होता, थोरल्याचा रहाट त्याच्या पायांशी होता, आणि मागे बसलेल्या बुनहायच्या मांडीवर धाकट्याचा दांडा.